न आलेल्यांची यादी कोण ठेवणार?

हृदयविकार म्हणजे पैसेवाल्यांचा आजार, असा एक समज आपल्या वस्त्यांत अजून ठाण मांडून बसला आहे. गादीवर बसणारा, तुपातले खाणारा, मोटारीतून फिरणारा तो या आजाराचा मानकरी आणि घाम गाळणारा त्यातून सुटलेला, अशी ही समजूत. ती किती खोटी आहे हे पाहायचे असेल तर गेल्या पाच-दहा वर्षांत छातीत कळ येऊन किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन आपल्यातून गेलेल्यांची नावे मनाशी मोजून पाहावीत. सफाई कामगार, हमाल, रिक्षावाले, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, शाळेतले शिपाई. वयही फार नाही. कुणी पन्नाशीतले, कुणी पंचेचाळिशीतले. पोरीचे लग्न व्हायचे, पोराची बारावी व्हायची, आणि घरचा कर्ता माणूस सकाळी उठलाच नाही.

बावन्न देशांत मिळून हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यातले आपल्या भागाचे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. भारत आणि आसपासच्या देशांत पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे होते, तर इतर देशांत ते जवळजवळ ५९ होते. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. पण सहा वर्षे म्हणजे एका पोराचे सातवीपासून बारावीपर्यंतचे शिक्षण. बाप असताना ते होते आणि बाप गेल्यावर पोर हॉटेलात कपबशा विसळायला लागते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे.

अलीकडे काही वाचक विचारतात, आता म्हणे घरबसल्या मोबाईलवरून बी.पी. पाहतात, हृदयाच्या धोक्यावर दुरून लक्ष ठेवतात, हे खरे काय? आणि खरे असेल तर आपल्यासारख्यांच्या ते काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दिवसभर आवक-जावक आणि थकबाकीच्या नोंदी ठेवणारा माणूस या विषयात काय सांगणार, असे कुणी म्हणेल. पण जसजसे आम्ही या विषयात शिरलो तसतसे आमच्या ध्यानात आले की यात डॉक्टरकीइतकीच कारकुनीही आहे. किंबहुना घोडे पेंड खाते ते तिथेच.

आधी हा आजार कसा लपतो ते पाहू. रक्तदाब वाढलेला असतो तेव्हा बहुतेकांना काहीही दुखत नाही. दाढ दुखली की माणूस धावत जातो. बी.पी. दुखत नाही. तो वर्षानुवर्षे नसांवर, हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडावर काम करत राहतो आणि एके दिवशी एकदम पावती फाडतो. देशभर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१ टक्क्यांना आणि पुरुषांपैकी २४ टक्क्यांना रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी गोळ्या सुरू होत्या. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. वैद्यकीय क्षेत्रात एक जुना ठोकताळा आहे, अर्ध्याच्या अर्ध्याचा. बी.पी.चे शंभर रुग्ण धरले तर पन्नासांना तो असल्याचे ठाऊक असते. त्या पन्नासांपैकी पंचविसांचे औषध चालू असते, आणि त्या पंचविसांपैकी बारा-तेरांचाच आटोक्यात असतो. ठिकाणाप्रमाणे आकडा कमीजास्त होईल, पण गळती कशी होते ते यावरून कळावे.

या गळतीतला पहिला टप्पा तपासणीने भरून निघतो. आशाताई घरोघरी येऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म भरतात, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घराण्यात कुणाला बी.पी., साखर वा हृदयविकार आहे काय, असे प्रश्न असतात. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीसाठी आधी पाठवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुधारलेले रंगीत तक्तेही आहेत. वय, लिंग, बी.पी.चा वरचा आकडा, धूम्रपान आणि रक्ताची तपासणी झालेली नसेल तर उंची-वजन, एवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांत झटक्याचा धोका किती ते रंगावरून समजते. हिरवा म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जायचे. दहा टक्के धोका म्हणजे अशाच शंभर माणसांपैकी दहांना दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा अर्धांगवायूचा झटका येण्याचा संभव. ते दहा कोण, हे तक्ता सांगू शकत नाही.

इथे विदर्भातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या तक्त्यात प्रश्न आहे तो बिडी-सिगारेटचा. आपल्याकडचा गडी बिडी सोडून केव्हाच खर्ऱ्यावर आलेला आहे. तक्त्यासमोर तो निर्व्यसनी ठरतो. तोंडात तंबाखू धरणाऱ्यांनाही हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आता सिद्ध आहे. म्हणून तपासणीच्या वेळी खर्रा, गुटखा, नस जे काही असेल ते विचारले नाही तरी सांगावे. आशाताईंच्या फॉर्मात चघळायच्या तंबाखूचा प्रश्न आहे, हे बरे झाले.

पण खरी गळती होते ती त्यानंतर, तपासणी होऊन गोळ्या सुरू झाल्यावर. आमच्या वस्तीतल्या एक मावशी. आकडा १७० च्या पुढे गेला होता. गोळी सुरू झाली, महिन्या-दोन महिन्यांत १३० वर आला आणि मावशींनी गोळ्या ठेवून दिल्या फडताळात. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "मले काईच होत नाही भाऊ, तर गोळ्या काहून खाऊ?" यावर रागावून उपयोग नाही. त्यांच्या हिशेबाने त्या बरोबर आहेत. ताप उतरला की आपण गोळी बंद करतोच ना? आकडा गोळीमुळे उतरला आहे आणि गोळी बंद केली की तो परत चढणार, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलेच नव्हते. दुसरे असे की गोळ्या आणायला जायचे म्हणजे एका घरचे काम बुडवायचे. त्यातून महिन्याची पाळी चुकली, दुसरीही चुकली. दवाखान्याच्या वहीत मावशींचे नाव होते तसेच राहिले. कुणाच्या लक्षात आले नाही, कारण वहीत आलेल्यांची नोंद होते. न आलेल्यांची नोंद कोण करतो?

वाचकहो, आमचा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे.

कोणत्याही पतपेढीत जाऊन पाहा. कुणी हप्ता भरला याची नोंद असतेच, पण सचिवाचा डोळा असतो तो थकबाकीदारांच्या यादीवर. महिन्याच्या पाच तारखेला यादी निघते, सहा तारखेला माणूस दारात उभा राहतो. पैशाच्या वसुलीसाठी आपण हे शास्त्र शंभर वर्षांपूर्वी शिकलो. माणसाच्या जिवासाठी मात्र ते आत्ता कुठे शिकू लागलो आहोत.

२०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकार, भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही पहिली पाच राज्ये. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. पुढे तो इतरत्र पसरला आणि २०२२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचे सोडा, आम्हाला त्यातली पद्धत आवडली. औषधांचा क्रम ठरलेला. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा साध्या, स्वस्त, अनुभवसिद्ध गोळ्या पायरीपायरीने द्यायच्या, म्हणजे डॉक्टर बदलला की औषध बदलले असा खेळ नाही. गोळ्या एका वेळी महिनाभराच्या, आणि शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात. रुग्णाच्या हाती एक कार्ड. त्यावर ठिपक्यांचा चौकोनी छाप असतो. परिचारिका आपल्या मोबाईलने तो टिपते की रुग्णाचे पान उघडते. आजचा आकडा, दिलेल्या गोळ्या आणि पुढची तारीख. मोबाईलमधल्या या नोंदवहीचे नावच 'सिंपल' आहे, म्हणजे सोपी.

आणि याच नोंदवहीत ती यादी निघते, तारीख उलटून गेलेल्यांची. नावासमोर बोट टेकले की फोन लागतो. उत्तर काय मिळाले तेही नोंदवायचे. येतो म्हणाले, नंतर फोन करा म्हणाले, गाव सोडून गेले, खासगी डॉक्टरकडे जातात, किंवा वारले. हा शेवटचा रकानाही तिथे आहे. आम्हाला विचाराल तर दुरून देखरेख या भारी शब्दाचा आपल्या देशातला खरा अर्थ हाच. छातीला तारा लावणे नव्हे, मनगटी घड्याळात ठोके मोजणे नव्हे. एक परिचारिका, एक यादी आणि "काका, तुमच्या गोळ्या संपल्या असतील, आला नाहीत?" एवढा एक फोन.

मनगटी घड्याळाची जाहिरात मात्र जोरात आहे. असो.

परदेशात याच्या पुढची पायरी आहे, तीही सांगतो. रुग्णाने घरी स्वतः बी.पी. मोजायचा आणि आकडा दवाखान्याला कळवायचा. इंग्लंडात याचा एक चोख अभ्यास झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिकडच्या १४२ दवाखान्यांतले १,१८२ रुग्ण घेतले. त्यांचे तीन गट केले. एका गटाची तपासणी नेहमीसारखी दवाखान्यात. दुसऱ्याने घरी मोजून कागदावर लिहून पाठवायचे. तिसऱ्याने मोबाईलच्या साध्या संदेशाने आकडा पाठवायचा. वर्षभराने पाहिले तर पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी १४० होता, दुसऱ्याचा १३७ आणि तिसऱ्याचा १३६. तीन-चारने काय होते, असे वाटेल. पण हा आकडा पाचने उतरला तर झटक्यांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे मोठमोठ्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून निघाले आहे. गावच्या गाव धरले तर तेवढ्या फरकात कितीतरी घरे वाचतात.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. कागदवाले आणि मोबाईलवाले यांत फारसा फरक राहिला नाही. मोबाईलवाल्यांचा आकडा थोडा लवकर उतरला, एवढेच. फरक पडला तो घरचा आकडा डॉक्टरने वाचला आणि त्यावरून औषध वाढवले म्हणून. आकडा पाठवणे हे अर्धे काम. पलीकडे तो वाचून काही करणारा नसेल तर पाठवलेला आकडा आणि टपालात हरवलेले पत्र यांत फरक नाही.

हाच धडा आपल्या देशातही मिळालेला आहे. हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० ग्रामीण रुग्णालयांत परिचारिकांच्या हाती खास बनवलेली संगणकीय पाटी दिली. रुग्णाची माहिती भरली की काय उपचार द्यावा तेही ती पाटी सुचवायची, रुग्णाला संदेशही जायचे. २०१९ साली निकाल आला. पाटी असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत रक्तदाबाच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पाटी नसलेल्या ठिकाणीही प्रशिक्षित परिचारिका नेमलेली होती, हे इथे लक्षात घ्यावे. उलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या आपल्यासारख्याच देशांतल्या ३० ग्रामीण वस्त्यांत आरोग्यसेविका घरी जाऊन बी.पी. मोजत, समजावत आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवत. तिथे दोन वर्षांत इतरांपेक्षा वरचा आकडा पाचने अधिक उतरला. हा निकाल २०२० चा. आमचे मत असे की यंत्र जरूर यावे, पण त्याच्या मागे माणूस हवा. आणि त्या माणसाला पगार हवा. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना मानधनावर राबवायचे, त्यांच्यावर दर सहा महिन्यांनी नवा फॉर्म लादायचा आणि मग मोबाईल क्रांती झाली म्हणून टाळ्या पिटायच्या, हे आम्हाला मान्य नाही.

आता फोनचेच घ्या. परिचारिकेने फोन केला. तो उचलला कुणी? त्याच राष्ट्रीय पाहणीत आढळले की देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल आहे. बाकीच्यांचा नंबर म्हणून नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर लिहिलेला असतो. वर सांगितलेल्या मावशींच्या कार्डावर मुलाचा नंबर होता. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला फोन आला असेल, तर "आईला सांगतो" म्हणून त्याने ठेवला असेल. सांगायचे राहून गेले असेल. रिचार्ज संपला की नंबर बदलणारेही आपल्यात कमी नाहीत. म्हणजे यादी निघाली, फोन झाला, रकाना भरला आणि मावशी जागच्या जागी. म्हणून आम्ही आपल्या वस्तीतल्या बायांना सांगतो की कार्डावर असा नंबर लिहा की ज्याच्यावर केलेला फोन त्याच दिवशी तुमच्या कानावर येईल. शेजारणीचा चालेल, सुनेचा चालेल. मावशींनी आता समोरच्या किराणावाल्या बाईंचा नंबर दिला आहे, त्यांची परवानगी घेऊन.

आणि समजा फोन लागला, मावशी रोज बुडवून केंद्रात गेल्या, आणि तिथे सांगितले की गोळ्या संपल्या, पुढल्या आठवड्यात या. पुढचा फोन त्या उचलतील काय? आमच्या ओळखीच्या एका केंद्रात असे लागोपाठ दोनदा झाले. त्या केंद्राचे नाव इथे घेत नाही, कारण तिथल्या परिचारिकेचा त्यात दोष नव्हता. मागणीपत्र वेळेवर गेले, माल वेळेवर आला नाही. साठ्याची नोंद ठेवणे, तीन महिन्यांची मागणी आधी पाठवणे ही कामे कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण ज्या दिवशी साठा शून्य होतो त्या दिवशी देखरेखीचे सगळे शास्त्र शून्य होते. कार्यकर्त्यांनी केंद्रात जाऊन भांडायचेच असेल तर या प्रश्नावर भांडावे. बी.पी.च्या गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज करता येतो.

दुसरी एक भीती आमच्या कानावर आली, ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कंत्राटी सफाई कामगारांपैकी काही जण तपासणीला उभेच राहत नाहीत. का? तर बी.पी. निघाला आणि ठेकेदाराला कळले, तर तो कामावरून कमी करील. गटारात उतरणारा, पहाटेपासून गाडी ओढणारा माणूस. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज तोच लपतो, कारण त्याच्या नोकरीला कागद नाही. आरोग्य केंद्रातली नोंद ही रुग्ण आणि उपचार करणारे यांच्यातली आहे. ती ठेकेदाराला मागण्याचा अधिकार नाही आणि केंद्राने ती देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने २०२३ साली केला आहे. आभा क्रमांक म्हणून चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढतात, तोही ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून गोळ्या नाकारल्या तर हरकत घ्यावी. पण ठेक्याच्या जागेवर भरणाऱ्या शिबिरात आकडा मोठ्याने वाचून दाखवला जातो आणि मुकादम बाजूला उभा असतो, तिथे कायद्याचे पुस्तक काय करील? शिबिर भरवणाऱ्यांनी मुकादमाला आधी बाहेर बसवावे. ही साधी गोष्ट आम्ही दोन ठिकाणी करून पाहिली. तिथे रांग आपोआप वाढली.

घरी यंत्र घ्यावे काय, असेही अनेकजण विचारतात. दंडाला पट्टा बांधायचे साधे विजेरीवरचे यंत्र दीड-दोन हजारांच्या आसपास मिळते. मनगटावरचे घेऊ नये. एका घराला परवडत नसेल तर चार-पाच घरांनी मिळून घ्यावे, किंवा बचत गटाने घ्यावे. आमच्या वस्तीत ते विहारात ठेवले आहे आणि रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर मोजणी होते. मोजण्याची रीत मात्र पाळली पाहिजे. चहा, खर्रा, बिडी यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात छातीच्या पातळीत टेबलावर टेकलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर असावा आणि मोजताना बोलू नये. बोलू नये, ही अट आमच्याकडे सर्वांत अवघड जाते! दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, घरी शांतपणे मोजलेला आकडा १३५/८५ च्या वर वारंवार जात असेल तर केंद्रात दाखवावा. एका दिवसाच्या आकड्यावर घाबरू नये आणि एका दिवसाच्या चांगल्या आकड्यावर गोळी बंदही करू नये. शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊन खाण्याचा प्रकारही आम्ही पाहिला आहे. तसे करू नये.

छातीत दाब येणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम फुटणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काही झाले तर यंत्र शोधत बसू नये, परिचारिकेच्या फोनची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. अॅसिडिटी असेल म्हणून सोडा पाजत बसण्यात जो अर्धा-एक तास जातो, तोच बहुधा जिवाचा असतो.

विहारातल्या त्या मोजणीची वही दोन तरुण मुली लिहितात, दोघी वाणिज्य शाखेच्याच. आम्ही त्यांना आलेल्यांच्या पानाशेजारी दुसरे पान आखायला सांगितले आहे. ज्यांचा आकडा गेल्या वेळी जास्त होता आणि जे या रविवारी दिसले नाहीत त्यांची नावे त्या पानावर. दुपारी दोघी त्या घरी जातात. काही घरांतून "तुम्हाला काय करायचे आहे?" असेही ऐकून घ्यावे लागते. मुली परत जातात. औषध त्या सांगत नाहीत, ते त्यांचे काम नव्हे. गोळ्या आहेत काय, कार्ड आहे काय, केंद्रात गेल्या होत्या काय, एवढेच विचारतात आणि आशाताईंना कळवतात.

अडचण उरली आहे ती सफाई कामगारांची. त्यांची पाळी पहाटे सुरू होते आणि सुटेपर्यंत केंद्राची वेळ संपते. रविवारीही अनेकांना सुटी नसते. महिन्यातून दोन संध्याकाळी, पाच ते आठ, बी.पी. व साखरेच्या गोळ्या देण्याची सोय केंद्राने करावी, असा अर्ज वस्तीतल्या लोकांच्या सह्यांनिशी आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिला आहे. पोच घेतलेली आहे. उत्तर आले की याच सदरातून कळवू, आणि महिनाभरात आले नाही तर तो अर्जही आमच्या दुसऱ्या पानावर चढेल.